कुलूपवाल्याच्या मुलाचा नियम

आमच्या घरात विजेची शेगडी आली तेव्हा मी सातवीत होतो. पांढऱ्या चिनी मातीची गोल थाळी, तिच्यात नागमोडी खाच आणि त्या खाचेत बसवलेली स्प्रिंगसारखी कॉइल. बटण दाबलं, की कॉइल आधी काळसर तांबडी आणि मग निखाऱ्यासारखी लाल व्हायची. रॉकेलच्या रांगेत उभं राहून कंटाळलेल्या अम्मीला ती शेगडी म्हणजे चैनच वाटली.

पण कॉइल तुटायची. दूध उतू गेलं, की हमखास तुटायची. दर वेळी नवी कॉइल आणायला पैसे कुठले? मग सगळं गाव करायचं तेच आम्हीही करायचो. पिन काढायची, शेगडी गार होऊ द्यायची, जळका तुकडा फेकून द्यायचा, उरलेली दोन टोकं एकमेकांत अडकवून पिळायची आणि पुन्हा बटण दाबायचं. गंमत अशी, की अशी सांधलेली शेगडी पहिल्यापेक्षा जास्त तापायची. चहा लवकर व्हायचा. अम्मी म्हणायची, "बरकत आलीय शेगडीला."

ही बरकत एका पहाटे अंगाशी आली. रमजानचे दिवस होते. सहरीच्या वेळी शेगडी बराच वेळ चालू राहिली आणि घरभर रबर जळल्याचा वास सुटला. भिंतीवरून बटणापर्यंत आलेली जुनी, बारीक वायर मऊ पडून तिचं वेष्टन गळू लागलं होतं. खाली कपड्यांची दांडी होती. अब्बांनी धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला. एक चादर जळाली, तेवढ्यावर निभावलं.

अब्बांचं तालुक्याच्या गावी मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत. घरात ते दखनी बोलत आणि दुकानात मराठी. उजाडल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं, दुकानाचं बिलबुक उलटं केलं आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. शेगडी १००० वॅटची. घरातला दाब २३० व्होल्ट. हजाराला दोनशे तीसनं भागलं, की सव्वाचारच्या थोडं वर, ४.३५ अँपिअर करंट. आता २३०ला ४.३५नं भागलं, की जवळजवळ ५३ ओहम. हा कॉइलचा रोध. "तुम्ही मायलेकांनी कॉइलचा चौथा हिस्सा तोडून फेकला," अब्बा म्हणाले, "राहिले ४० ओहम. आता करंट किती?" मी भागाकार केला. ५.७५ अँपिअर. "त्याला पुन्हा दोनशे तीसनं गुण." उत्तर आलं १३२२ वॅट. म्हणजे हजाराची शेगडी आम्ही आमच्या हातांनी सव्वातेराशेची केली होती, आणि वायर मात्र तीच जुनी, बारीक ठेवली होती.

तीन भागाकार आणि एक गुणाकार. एवढ्या हिशेबावर घर जळायचं की राहायचं हे ठरत होतं. तो कागद मी विसरलो नाही.

पुढे मी मराठी घेऊन बीए झालो आणि कवितेच्या नादी लागलो. विज्ञानाशी संबंध राहिला नाही. पण कवीला शब्दांच्या मुळाशी जायची खोड असते. व्होल्ट, अँपिअर, वॅट, ओहम हे शब्द आपण मीठ-मिरचीसारखे वापरतो. ही सगळी माणसांची नावं आहेत हे मला बऱ्याच उशिरा समजलं. व्होल्टा इटलीचे, अँपिअर फ्रान्सचे, वॅट स्कॉटलंडचे, ओहम जर्मनीचे. त्यांतल्या ओहम यांची गोष्ट वाचली आणि वाटलं, हा माणूस तर आपल्या गल्लीतला आहे.

गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एरलांगेन या गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते शाळेत फारसे गेलेले नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकले होते, आणि तेच त्यांनी मुलांना शिकवलं. सात भावंडांपैकी तीनच जगली. गेओर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली. कुलूपवाल्या बापाने घरीच इतकं पक्कं शिकवलं, की एका प्राध्यापकाने या भावांची परीक्षा घेतल्यावर त्यांची तुलना बेर्नुली या गणितज्ञांच्या प्रसिद्ध घराण्याशी केली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला.

गेओर्ग मात्र १८०५ साली विद्यापीठात गेला आणि नाचगाणी, बर्फावरचं घसरणं आणि बिलियर्ड यांत रमला. बापाला ते खपलं नाही. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबलं आणि मुलगा स्वित्झर्लंडमध्ये शाळेत गणित शिकवायला गेला. डॉक्टरेट १८११मध्ये मिळाली, पण विद्यापीठात धड नोकरी नाही. म्हणून पुन्हा शाळामास्तर. १८१७मध्ये कोलोन शहरातल्या एका शाळेत जागा मिळाली आणि तिथे एक चांगली गोष्ट होती, उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळा. शिकवून उरलेल्या वेळात ओहम तिथे बसू लागले. वडिलांकडून आलेलं हातातलं कसब आता कामी आलं. तार ओढणं, पट्टी घासणं, नेमकं जुळवणं, हे त्यांना दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नव्हतं.

त्या काळी विजेबद्दल लोकांना काय माहीत होतं, हे लक्षात घ्यायला हवं. व्होल्टा यांनी धातूंच्या चकत्यांची बॅटरी १८०० साली जगासमोर मांडली होती. तारेतून वीज वाहताना जवळची चुंबकसुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखवलं होतं. म्हणजे वीज वाहते हे दिसत होतं. पण किती वाहते? तार लांब केली तर किती कमी होते? जाड केली तर किती वाढते? 'किती' या प्रश्नाला कुणाकडे खात्रीचं उत्तर नव्हतं. मोजायला मीटर नव्हता आणि मोजण्याचं एकक तर नव्हतंच. आज आपण ज्याला व्होल्टेज आणि करंट म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही सगळ्यांच्या मनात स्पष्ट नव्हतं.

ओहम यांनी १८२५ साली पहिला निबंध छापला आणि तो चुकला. नियम बांधायची त्यांनी घाई केली होती. चुकीचं कारण बॅटरीत होतं. त्या वेळच्या बॅटरीचा जोर क्षणाक्षणाला बदलायचा. जोडली की जोरात, मग मंद. प्रत्येक मापाच्या वेळी गिऱ्हाइकाच्या नकळत वजन बदलणारा तराजू असावा तसं ते होतं. अशा तराजूवर कितीही काळजीने तोलून काय उपयोग?

इथे एक संपादक मदतीला आला. पोगेनडोर्फ हे बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचं नियतकालिक चालवत. त्यांनी सुचवलं, की बॅटरी सोडा आणि उष्णतेपासून मिळणारी वीज वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एक गरम आणि एक थंड ठेवले, की त्या वेटोळ्यात वीज वाहते, हा शोध सेबेक यांनी नुकताच, १८२१ साली लावलेला होता. ओहम यांनी बिस्मथची एक पट्टी घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतं आहे तोवर त्याचं तापमान बदलत नाही. बर्फ वितळतो आहे तोवर त्याचंही बदलत नाही. म्हणजे विजेचा जोर कायम. गरीब शाळामास्तरालाही परवडेल असा, चूल आणि बर्फ यांवर चालणारा हा स्थिर तराजू.

मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांच्या लांब्या दोन इंचांपासून १३० इंचांपर्यंत. एकेक तार जोडायची आणि वर टांगलेली चुंबकसुई किती वळते ते पाहायचं. खरं तर वळू द्यायचंच नाही. सुई ज्या धातूच्या फितीला टांगली होती ती फीत वरून पिळून सुई पुन्हा जागेवर आणायची आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचं. जितका पीळ, तितका करंट.

जानेवारी १८२६मधल्या त्यांच्या नोंदींतले दोन आकडे सांगतो. दोन इंची तारेला पीळ लागला ३२६.७५ भाग. १३० इंची तारेला ४८.५ भाग. आता आपण सहज म्हणू, की तार ६५ पट लांब झाली, तर करंट ६५ पट कमी व्हायला हवा होता. तो तर पावणेसात पटच कमी झाला. घाई करणारा माणूस इथे म्हणाला असता, की लांबीचा आणि करंटचा सरळ संबंध नाही.

ओहम यांनी या वेळी घाई केली नाही. त्यांच्या ध्यानात आलं, की वीज काही फक्त या तारेतून जात नाही. ती बिस्मथच्या पट्टीतून, सांध्यांतून, जोडण्यांतूनही जाते. त्यांचाही अडथळा आहे आणि तो दर वेळी तेवढाच आहे. आठ तारांच्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब काढला, की हा आतला अडथळा त्याच तारेच्या सव्वावीस इंचांइतका आहे. आता तो मिळवून पाहा. पहिल्या वेळी एकूण अडथळा सव्वाबावीस इंचांचा, दुसऱ्या वेळी दीडशे इंच आणि वर पाव. सव्वाबावीसला ३२६.७५नं गुणलं तर सुमारे ७२७० येतात. दीडशे अधिक पावला ४८.५नं गुणलं तर सुमारे ७२८७. दोन्ही गुणाकार जवळजवळ सारखे. एकीकडे तार वाढते, दुसरीकडे करंट घटतो आणि त्यांचा गुणाकार जागचा हलत नाही. तो न हलणारा आकडा म्हणजे वीज ढकलणारा जोर.

हाच तो नियम. जोर म्हणजे करंट गुणिले अडथळा. शाळेच्या पुस्तकात तो 'व्ही बरोबर आय आर' असा येतो. व्ही म्हणजे व्होल्टचा दाब, आर म्हणजे रोध, आणि करंटला आय का, तर फ्रेंच लोक प्रवाहाच्या तीव्रतेला जो शब्द वापरत त्याचं ते पहिलं अक्षर. एक भागाकार करून करंट मिळतो, दुसरा भागाकार करून रोध मिळतो. अब्बांच्या बिलबुकावरच्या हिशेबातला एक भागाकार म्हणजे ही आठ तारांची कहाणी. आमच्या कॉइलचा चौथा हिस्सा तुटला, तेव्हा आम्ही नकळत ओहम यांचाच प्रयोग केला होता. तार तोकडी झाली, अडथळा घटला, करंट वाढला.

या शोधाची वाहवा झाली असेल असं वाटतं ना? उलट झालं. ओहम अर्ध्या पगारी रजेवर बर्लिनला गेले. १८२७ साली त्यांनी सगळी मांडणी गणितासकट पुस्तकरूपाने छापली. आशा अशी, की आता तरी विद्यापीठात जागा मिळेल. पण त्या वेळी जर्मनीत निसर्गाकडे तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहणाऱ्यांचा मोठा दबदबा होता. निसर्गाचं सार चिंतनातून उलगडावं, त्याला आकड्यांत कोंबू नये, असं त्यांचं मत. पोल नावाच्या बर्लिनच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने पुस्तकावर कडक टीका केली. ज्यांना प्रयोग हवे होते त्यांना पुस्तकातलं गणित जड गेलं, आणि आधीच्या चुकलेल्या निबंधाची आठवणही पुसली गेली नव्हती. जागा मिळाली नाहीच. १८२८मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचाही राजीनामा दिला. त्यानंतरची काही वर्षं बर्लिनमध्ये मिळेल तिथे शिकवून काढली. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पदरी जगाला लागणारा नियम आणि हाती पक्की नोकरी नाही.

नियम मात्र खोटा ठरत नव्हता. लाइपझिगच्या फेखनर यांनी १८३१मध्ये स्वतः प्रयोग करून तो खरा असल्याचं दाखवलं. १८३३मध्ये ओहम यांना न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापकाची जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं आणि त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही आलं. मायदेशापेक्षा परदेशाने आधी ओळखलं. म्युनिकच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं ते १८५२मध्ये. वय ६३. तरुणपणापासून जी जागा हवी होती ती मिळाल्यावर ते दोनच वर्षं जगले. ६ जुलै १८५४ रोजी ते गेले.

न्याय म्हणून आणखी एक नाव घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचे एक अतिशय श्रीमंत आणि तितकेच बुजरे शास्त्रज्ञ होते. ओहम यांच्या साडेचार दशकं आधी, १७८१च्या सुमारास, ते याच नियमापर्यंत पोचले होते. त्यांच्यापाशी मीटर नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचं शरीर मीटर म्हणून वापरलं. मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्यांतून विजेचा झटका स्वतःला घ्यायचा आणि कोणता झटका कोणत्यासारखा लागला हे ताडून पाहायचं. पण त्यांनी ते छापलंच नाही. कागद पडून राहिले. मॅक्सवेल यांनी ते १८७९ साली संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा कॅव्हेंडिश यांना जाऊन जवळजवळ ७० वर्षं झाली होती. एकाने छापलं नाही आणि दुसऱ्याने छापून टीका सोसली. नियमाला नाव मिळालं ते सोसणाऱ्याचं.

आता बिलबुकावरचं उरलेलं गणित, वॅटचं. रोध आणि करंट कळले, पण शेगडी तापते किती? हे शोधून काढलं जेम्स जूल यांनी. इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या एका बिअर गाळणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. विद्यापीठात नोकरी नाही, घरच्या धंद्यात लक्ष घालत प्रयोग करणारा. त्याने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, तारेतून करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरने पाहिलं. १८४० साली, बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने निष्कर्ष कळवला. करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे आणि तारेच्या रोधाप्रमाणे वाढते. रॉयल सोसायटीने त्या निबंधाचा फक्त सारांश छापला. पूर्ण लेख पुढच्या वर्षी दुसरीकडे आला.

जूल आणि ओहम यांचे नियम एकत्र मांडले, की सोपं सूत्र निघतं. दाब गुणिले करंट म्हणजे शक्ती. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १८८१ साली पॅरिसला विजेच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही नावं जगाने मान्य केली. वॅट हे नाव विल्यम सिमेन्स यांनी पुढच्याच वर्षी सुचवलं. ओहम यांना जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.

आता माझी एक फजिती सांगतो. मी दहावीत होतो. 'व्ही बरोबर आय आर' नुकतंच शिकलो होतो आणि डोक्यात हवा गेली होती. उन्हाळ्यात आमच्या दुकानासमोर जळालेल्या मोटरींची रांग लागे. शेतकरी सायकलवर, बैलगाडीत मोटर घालून आणत. "मिस्त्री, परत जळाली बघा. रात्री व्होल्टेजच नव्हतं." अब्बा जळकं वाइंडिंग काढत, नवी तार भरत, व्हार्निश देत. एकदा मी अब्बांना अडवलं. म्हटलं, व्होल्टेज कमी असेल तर करंटही कमी होणार. पुस्तकात तसंच आहे. मग कमी व्होल्टेजनं मोटर जळेल कशी? हे लोक काहीतरी दुसरं लपवतात.

अब्बा काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात मला एका शेतकऱ्याच्या विहिरीवर घेऊन गेले, रात्री, वीज आल्यावर. स्टार्टरच्या पेटीवर दोन मीटर होते. पाच हॉर्सपॉवरची, तीन फेजची मोटर. अशा मोटरीसाठी अब्बांचा ठोकताळा होता, एका हॉर्सपॉवरला दीड अँपिअर, म्हणजे साडेसात. व्होल्टचा काटा चारशेच्या बराच खाली लोळत होता. आणि अँपिअरचा काटा नऊवर. दाब कमी, करंट जास्त. पुस्तक खोटं?

"मोटर म्हणजे शेगडी नाही," अब्बा म्हणाले. "शेगडीला कमी दिलं तर ती कमी तापते, गप्प बसते. मोटरला विहिरीतलं पाणी वर काढायचंय. कमी मिळालं तरी ती काम सोडत नाही. तेवढ्याच कामासाठी ती जास्त करंट ओढते. आणि तारेचा जीव जातो."

आज मला ते नीट मांडता येतं. ओहम यांचा नियम साध्या तारेचा आहे, आणि तोही तारेचं तापमान बदलत नसेल तेव्हाचा. जुन्या पिवळ्या दिव्याचा रोध थंड असताना मोजला, तर पेटलेल्या दिव्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. मोटरीत तर फिरणारा भाग उलटा दाब तयार करत असतो, म्हणून तिथे दाबाला नुसतं रोधानं भागून चालत नाही. पण जूल यांचा नियम तिथेही सुटत नाही. करंट साडेसातचा नऊ झाला, म्हणजे १.२ पट. त्याचा वर्ग १.४४. तारेतली उष्णता जवळजवळ दीडपट. रात्रभर दीडपट तापलेल्या तारेचं वेष्टन सकाळपर्यंत जळणारच. त्या रांगेतल्या एकाही शेतकऱ्याने काही लपवलं नव्हतं. त्यांनी रात्रीचा काटा पाहिला होता आणि मी फक्त सूत्र पाहिलं होतं. विहिरीवरून परत येताना मला त्या अंधारात फार लाज वाटली, ती अजून आठवते.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर मुंबईच्या लोकलकडे पाहावं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. तिच्या तारेतला दाब होता १५०० व्होल्ट. समजा, गाडीला ३० लाख वॅट शक्ती हवी आहे. ३० लाखाला १५००नं भागा. २००० अँपिअर. एवढा करंट न्यायचा तर जाडजूड तांबं हवं आणि जागोजागी वीज पुरवणारी केंद्रं हवीत. आता दाब २५,००० व्होल्ट करा. तेवढ्याच शक्तीला १२० अँपिअर पुरतात. करंट सुमारे १७ पट कमी आणि त्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी उष्णता पावणेतीनशे पट कमी. मुंबईच्या लोकलचे मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टवर नेण्यात आले. १५०० व्होल्टची शेवटची लोकल २०१६मध्ये हार्बर मार्गावर धावली. लाखो माणसं रोज ज्या तारेखालून जातात, तिची जाडी एका शाळामास्तराच्या आणि एका बिअरवाल्याच्या मुलाच्या हिशेबावर ठरलेली आहे.

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना ओहम कोण हे माहीत नव्हतं. ते ओहमला नुसतं 'रेझिस्टन' म्हणत. पण मला वाटतं, ओहम यांना अब्बांची भाषा लगेच कळली असती. मोजण्याआधी तराजू स्थिर कर, आतला अडथळाही हिशेबात धर, आणि आकडा तुझ्या मनासारखा आला नाही तर आकड्यावर रागावू नकोस. १८२५ची चूक ओहम यांनी १८२६मध्ये स्वतः दुरुस्त केली. विहिरीवरची माझी चूक अब्बांनी दुरुस्त केली, तीही एक शब्द जास्त न बोलता. माझ्या कवितेला या दोन दुरुस्त्यांचा जेवढा उपयोग झाला, तेवढा फार थोड्या पुस्तकांचा झाला.

जाता जाता एक विनंती. घरातल्या इस्त्रीच्या, गिझरच्या, शेगडीच्या बुडाशी एक छोटी पट्टी असते. तिच्यावर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. त्याला २३०नं भागा. जे उत्तर येईल तेवढे अँपिअर तुमच्या भिंतीतल्या वायरीतून जाणार आहेत. २००० वॅटचा गिझर असेल, तर पावणेनऊच्या आसपास. मग एकदा त्या वायरीकडे आणि त्या पिनकडे पाहा, आणि झेपेल का, असं जाणत्या वायरमनला विचारा. हिशेब पाचवीतल्या मुलालाही येतो. आमच्या घरी तो एक चादर जळाल्यावर झाला. तुमच्याकडे तो आधीच होवो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)